न वाचता उतरवणारा कारकून



संगणक शिकणे म्हणजे बटणे दाबणे, असे समजून मुलांची फी भरणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. एका संगणकावरून दुसऱ्याला फाइल पाठवताना जुन्या रीतीत तिच्या चार नकला होतात: डिस्कवरून कार्यप्रणालीच्या स्मृतीत, तेथून प्रोग्रॅमच्या, परत कार्यप्रणालीच्या, मग नेटवर्क कार्डात. मधल्या दोन प्रोसेसरला स्वतः उतरवाव्या लागतात, आणि प्रोग्रॅम तर त्यातले एक अक्षरही वाचत नाही! लिनक्सने १९९९ साली ‘सेंडफाइल’ आणून प्रोग्रॅमकडची फेरी वाचवली. २००१ साली कार्डाला मजकुराऐवजी त्याचा स्मृतीतील पत्ता देऊन प्रोसेसरची उरलेली नक्कलही टाळली. अर्थात कार्डात तशी सोय हवी. मजकूर सांकेतिक करून पाठवायचा असेल, तर मात्र प्रोसेसरला बहुधा त्याला हात लावावाच लागतो.