खेळात शिरलेली कीड



गेल्या दिवाळीची गोष्ट. माझ्या पुतण्याच्या मुलाने वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून क्रिकेटचा एक नवा व्हिडिओ गेम विकत घेतला. खेळ नुकताच बाजारात आला होता. पोरगा सकाळी फराळ सोडून पडद्यासमोर बसला, आणि अर्ध्या तासाने रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला.

"आजोबा, हे बघा ना! बाउंड्रीवर कॅच घेतला, तरी अंपायर सिक्स देतोय!"

माझे थोरले बंधू शेजारीच होते. ते म्हणाले, "अरे, खेळच तो! त्यात रडायचं काय?"

मला काही हे पटले नाही. दुकानातून आणलेले बियाणे उगवले नाही, तर आपण दुकानदाराला जाब विचारतोच ना? मग पोरानेही पैसे मोजले होते आणि वस्तू सदोष निघाली होती. त्याचा राग रास्त होता. त्या रागाचे पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न होता. त्याविषयीच आज चार शब्द बोलणार आहे.

यंत्राच्या अशा दोषाला 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. हा शब्द जुना आहे. एडिसनने १८७८ साली एका पत्रात तो यंत्रातल्या खोडीसाठी वापरला होता. पुढे सप्टेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील मार्क टू नावाचा अवाढव्य संगणक नीट चालेना. शोध घेता आत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला, आणि हा खराखुरा किडा सापडला, अशी गमतीची नोंदही केली. आजच्या खेळांत मात्र पतंग शिरत नाही. तिथली कीड असते माणसाने लिहिलेल्या सूचनांमधली चूक.

ही चूक आधीच का सापडत नाही? शिक्षक मित्रहो, हे गणित फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. समजा, गोलंदाज सहा प्रकारचे चेंडू टाकतो. फलंदाजाकडे बारा फटके आहेत. फटका जरा लवकर बसला, जरा उशिरा बसला, असे दहा प्रकार धरू. क्षेत्ररक्षणाच्या तीस रचना धरू. सहा गुणिले बारा गुणिले दहा गुणिले तीस, म्हणजे झाले २१,६०० प्रसंग. एका माणसाने मिनिटाला एक प्रसंग तपासला, तर ३६० तास लागतात. रोज आठ तास काम केले तरी ४५ दिवस! आणि मधेच एक सूचना बदलली, की पुष्कळसे पुन्हा तपासणे आले. खऱ्या खेळातले प्रसंग तर याहून कितीतरी जास्त असतात.

म्हणजे थोडी कीड राहून जाणे हा माणसाचा धर्मच आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पीक हिरवे असतानाच कापून बाजारात न्यायचे, याबद्दल आहे. आता, तसे का होते? बहुधा तारखेमुळे. खेळाचा हंगाम ठरलेला, जाहिरात झालेली, मग माल तयार असो वा नसो!

याचे एक ठळक उदाहरण सांगतो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील ॲशेस मालिकेवर 'ॲशेस क्रिकेट २०१३' नावाचा खेळ निघायचा होता. त्या वर्षी इंग्लंडमधली मालिका जुलैत सुरू झाली, तेव्हा खेळ तयार नव्हता. तो लांबला. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ब्रिस्बेनला दुसऱ्या मालिकेची पहिली कसोटी सुरू झाली आणि त्याच सुमारास संगणकावरचा खेळ विक्रीस आला. पण क्षेत्ररक्षणच धड चालेना. लोकांनी त्याची चित्रे जगभर दाखवून खूप हसू केले. काही दिवसांतच प्रकाशकांनी खेळ विक्रीतून काढला, तो कायमचा रद्द केला, माफी मागितली आणि पैसे परत करण्याचे कबूल केले. ऑस्ट्रेलियाने ती मालिका ५-० अशी जिंकली, पण ती पडद्यावर खेळायला आलेल्यांच्या हाती काहीच लागले नाही.

दुसरे उदाहरण कुस्तीचे. 'डब्ल्यूडब्ल्यूई टू-के ट्वेंटी' हा खेळ ऑक्टोबर २०१९ मध्ये निघाला. त्यातले मल्ल दोरांतच अडकत, त्यांचे केस भलतीकडेच उडत. त्यावर कडी झाली १ जानेवारी २०२० रोजी. कॅलेंडरचे पान उलटले, आणि आदल्या दिवशी चालणारा खेळ बंद पडू लागला! लोकांनीच तोड काढली, की यंत्रातली तारीख मागे नेऊन २०१९ करा, मग चालतो. नावात वीस, आणि वीस साल उजाडताच आडवा! दुरुस्ती लवकरच आली. पण त्या वर्षी कंपनीने मालिकेतला पुढचा खेळ काढलाच नाही. पुढचा आला तो मार्च २०२२ मध्ये. आधी काढलेल्या घाईचे हे प्रायश्चित्तच म्हणायचे.

दुरुस्तीला या धंद्यात 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपले ठिगळ. पूर्वी खेळ तबकडीवर विकला, की विकला. आता ठिगळ घरबसल्या पाठवता येते. सोय मोठी आहे, पण त्यामुळे 'आत्ता विकू, मग शिवू' ही सवयही वाढते.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, नवा खेळ निघाल्या दिवशीच घेऊ नये. पंधरा दिवस थांबावे, घेतलेल्यांना विचारावे. दुसरी, पावती जपून ठेवावी आणि पैसे परत मिळण्याची मुदत बघून घ्यावी. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्रार लिहायला शिकावे. 'तुमचा खेळ भिकार आहे' ही तक्रार नव्हे. मी काय केले, काय व्हायला हवे होते, आणि प्रत्यक्षात काय झाले, ही तीन वाक्ये म्हणजे तक्रार. पुन्हा तसेच केले तर पुन्हा तसेच होते का, हेही लिहावे. शिक्षक मित्रहो, पत्रलेखनाच्या तासाला हा विषय देऊन बघा. विज्ञानाची वहीही त्यातच आली.

आमच्या पोराला मी हेच सांगितले. त्याने डोळे पुसले आणि तोच झेल वीसदा घेऊन पाहिला. तेव्हा त्याला कळले, की क्षेत्ररक्षक मागे सरकत झेल घेतो तेव्हाच षटकार मिळतो. एरवी नाही. हे त्याने शुद्ध मराठीत लिहिले, मग त्याच्या आईने त्याला ते इंग्रजीत करून दिले. पत्र गेले. उत्तर अजून आलेले नाही.

परवा बंधूंनीच त्याला विचारले, "काय रे, आलं का उत्तर?"

पोरगा म्हणाला, "नाही आलं. उद्या दुसरं पत्र लिहिणार आहे."

बंधू काही बोलले नाहीत, पण 'खेळच तो' असेही पुन्हा म्हणाले नाहीत. तुमच्या घरातले मूल अशी तक्रार घेऊन आले, तर तुम्हीही घटकाभर त्याच्याजवळ बसा आणि त्याचे म्हणणे कागदावर उतरवून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.