मूल कोणी सांभाळायचे?



काही वर्षांमागे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी विद्यार्थ्यांना घेऊन मी पुरंदर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. सकाळची वेळ होती. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत पाचसहा महिन्यांचे तान्हे, आणि झोळीची दोरी धरून बसलेली त्याची सात-आठ वर्षांची बहीण. आई पलीकडे कांदा खुरपत होती. मी मुलीला विचारले, “काय गं, आज शाळा नाही?” ती म्हणाली, “शाळा हाय की. पण बाळाला कोण बघंल?”

दुपारी शाळेत गेलो. गुरुजींच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होती. गुरुजींचे त्यात काही चुकले नव्हते. पण माझ्या मनात आले, ही पोर गैरहजर कसली? ती तर कामावर हजर आहे! फक्त त्या कामाचा हजेरीपट कुणी ठेवलेला नाही.

मूल सांभाळणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, असे आपण समजतो. कायद्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वीच चारचौघांत आणला आहे. 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार पुष्कळसा सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, 1929 साली, तो कायदा झाला. देशात या प्रकारचा तो पहिला कायदा. नंतर 1961 साली सबंध देशासाठी कायदा आला, आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघराची सोय हवी, असेही ठरले.

चांगलेच झाले. पण बघा, या साऱ्यांची वाट मस्टरवरून जाते. जिचे नाव मस्टरवर, तिला रजा. आज या शेतात, उद्या त्या शेतात खुरपणाऱ्या बाईने रजा मागायची कुणाकडे?

रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिलाही मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणे हेही काम आहे, हे कायद्याने लिहून ठेवले. ही साधी गोष्ट लिहायला आपल्याला किती वर्षे लागली!

आता अंदाजपत्रकाकडे वळू. मार्च 2023 मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकात ‘लेक लाडकी’ योजना जाहीर झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरात 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्माच्या वेळी 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000, असे एकूण 1,01,000 रुपये. त्याच अंदाजपत्रकात अंगणवाडी सेविकेचे मानधन 8,325 वरून 10,000 आणि मदतनिसाचे 4,425 वरून 5,500 करण्याचे जाहीर झाले. तरीही त्या डिसेंबरात सेविका संपावर गेल्या आणि संप पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. पगार मागणाऱ्या बाईला ‘मानधन’ हा शब्द किती पुरणार?

रुपये हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बांधावरच्या मुलीला पहिलीत सहा हजार मिळाले, तरी दहा ते पाच बाळाला कोण बघणार? रुपये काही वर्षांतून एकदा येतात, झोळी रोज हलवावी लागते.

याचे उत्तर आपल्याच मातीत एका बाईने शोधले होते. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर, शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, असे त्यांनी ठरवले. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला त्यांनी विकासवाडी चालवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकत्र! तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण पाटी घेऊन वर्गात. थोरलीला शाळेत आणायचे तर धाकट्याला आधी जागा द्या, हे त्यांनी ओळखले होते.

2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. आहार, लसीकरण, वजन, बालवाडी हे सारे आले. मागे राहिला तो पाळणा. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी पोचतो, पण ते मूल दिवसभर ठेवायला जागा नसते. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आता आहे. ती आपल्या गावात आली का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि मंडळी, एक अंदाजपत्रक आपल्या अगदी हाताशी आहे, ते ग्रामपंचायतीचे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्चायची असते. ती गेली कशावर, हे ग्रामसभेत विचारा. सुगीच्या दोन-तीन महिन्यांपुरते शाळेशेजारच्या खोलीत पाळणाघर चालवता येईल का, हा ठराव मांडा. गावातल्या एखाद्या अनुभवी मावशीला त्याचे पैसे द्या. फुकट मागू नका.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गैरहजेरीची खूण करताना शेजारी बारीक अक्षरात कारणही लिहीत जा: ‘भावंड सांभाळते’. महिन्याअखेर अशी नावे मोजा आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. भाषणाला लोक टाळ्या देतात आणि घरी जातात. पण स्वतःच्या गावातल्या मुलींची नावे मोजून समोर ठेवली, की उत्तर द्यावेच लागते.