घराचा वाटा आणि कर



आज आपण घराच्या वाट्याविषयी बोलू. विषय कायद्याचा आहे. पण तो घरोघरी येतो. म्हणून नीट समजून घेऊ.

समजा, एका घरचा बाप वारला. मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. घर बापाने १९८० साली स्वतः बांधलेलं. मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याप्रमाणे तिघांचे वाटे सारखे. आजी हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा. मुलगी सासरी गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. इतर धर्मांत वाट्याचे नियम वेगळे आहेत. पण प्राप्तिकराचे नियम सर्वांना सारखेच.

भाऊ म्हणतो, "ताई, वाटा घेतलास तर सरकार तुला कर लावील. त्यापेक्षा सही करून मोकळी हो."

ताई घाबरते आणि सही करते. त्या कागदाला हक्कसोड पत्र म्हणतात. ते एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार कठीण.

आम्ही विचारतो, हा कर आहे तरी कुठे? पूर्वी असा कर होता. १९५३ साली इस्टेट ड्यूटीचा कायदा आला. माणूस मेला की त्याच्या मोठ्या मालमत्तेवर कर बसे. १६ मार्च १९८५ पासून तो बंद झाला. आज वारशाने वाटा आला म्हणून कर बसत नाही. त्याला उत्पन्नही धरत नाहीत.

मग कर केव्हा लागतो? तीन वेळा लागू शकतो.

पहिला कर घरपट्टीचा. ती दरसाल भरावी लागते. पावत्या जपून ठेवाव्यात. पण नुसती घरपट्टी भरली म्हणून कोणी एकटा मालक होत नाही.

दुसरा कर भाड्यावरचा. घर भाड्याने दिलं, तर ज्याने त्याने आपल्या वाट्याचं भाडं आपल्या उत्पन्नात दाखवायचं.

तिसरा कर घर विकताना. तोही सगळ्या पैशांवर नाही, फक्त नफ्यावर. समजा, बाप २०२० साली वारला आणि घर २०२५ साली ३० लाखांना विकलं. ताईच्या वाट्याला १० लाख आले. घर जुनं आहे, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. मात्र ती त्या दिवसाच्या सरकारी मूल्यांकनाहून जास्त नको. ती ६ लाख निघाली. ताईचा वाटा २ लाख. नफा झाला ८ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर झाला १ लाख. वर थोडा उपकर. घर २३ जुलै २०२४ च्या आधी हाती आलेलं आहे, म्हणून दुसरा हिशेबही करता येतो. त्यात महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवतात आणि कर २० टक्के धरतात. दोहोंत जो कमी, तो भरायचा. नफ्याच्या पैशातून ताईने दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर तेवढ्या नफ्यावर करात सूट मिळते.

आता पाहा. कर १ लाख. पण सही केली असती तर १० लाख गेले असते!

काही घरं वडीलधाऱ्यांनी ट्रस्टच्या नावे केलेली असतात. तिथे ट्रस्टचा कागद वाचून घ्यावा. प्रत्येकाचा वाटा त्यात ठरवून दिला असेल, तर भाड्याचा कर ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे बसतो. वाटे ठरलेले नसतील, तर बहुधा सगळ्यांत चढा दर लागतो.

मग आपण काय करावं? मृत्यूचा दाखला काढावा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करून सगळ्या वारसांची नावं लावून घ्यावीत. जुने कागद टाकू नयेत, कारण जुनी किंमत त्यांवरूनच ठरते. विक्रीआधी जाणकाराकडून दोन्ही हिशेब करून घ्यावेत.

भावावर माया म्हणून बहिणीने वाटा सोडला, तर तो तिच्या खुषीचा प्रश्न आहे. आमचं म्हणणं एवढंच, की कराच्या भीतीने कोणी सही करू नये. आणि सहीआधी कागद स्वतः वाचावा. आता आपल्याला वाचता येतं.