धातू कुठे गेला?

सांडपाण्यातला मैला जिवाणू खाऊन टाकतात हे आपण ऐकलेले असते, म्हणून शिसे, जस्त, युरेनियम यांचाही ते असाच फडशा पाडत असतील असे वाटते. तसे होत नाही. मैल्याचे शेवटी पाणी आणि वायू होतात. धातूचा अणू मात्र तसाच राहतो, जिवाणू फक्त त्याचे रूप पालटतात. पण विष पाण्याबरोबर वाहत जाणार की गाळात बसणार, हे त्या रूपावरच ठरते. नेदरलँड्समध्ये बुडेल इथे जस्ताच्या कारखान्याखालचे भूजल दूषित झाले होते. १९९२ पासून ते उपसून बंद टाकीत घेऊ लागले. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. विरघळलेले जस्त त्याला भेटले की पाणी गढूळ होते आणि तळाशी पांढरट साका बसतो. तो साका म्हणजे जस्ताचे सल्फाइड. खाणीतले जस्ताचे मुख्य खनिजही तेच, म्हणून तो साका कच्चा माल होऊन कारखान्यात परत जात असे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, चुना टाका. चुन्यानेही धातू खाली बसतो. पण तो ओला, मिश्र गाळ पुरायला जागा लागते आणि आम्ल लागले की धातू पुन्हा सुटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हेच जिवाणू कधी कधी आड येतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल गावी, युरेनियमच्या जुन्या गिरणीच्या जागेवर, २००२ मध्ये भूजलात अ‍ॅसिटेट सोडले, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. मातीतले जिओबॅक्टर नावाचे जिवाणू त्यावर फोफावले आणि पाण्यातले युरेनियम उतरले. मग सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनीच ते खाद्य बळकावले, जिओबॅक्टर मागे पडले आणि युरेनियम पुन्हा चढू लागले. बुडेलला उपकारी ठरलेली जातकुळी इथे आड आली. पाऱ्याच्या गाळात तर हीच मंडळी मिथिल पारा तयार करू शकतात. जपानमधल्या मिनामाताला माशांतून माणसांच्या मज्जासंस्थेत शिरले ते हेच द्रव्य, जरी तिथे ते थेट कारखान्याच्या सांडपाण्यातून आले होते.

तरीही मी जिवाणूंना दोष देणार नाही. टाकीत त्यांचे खाद्य, हवा आणि आम्लता आपल्या हातात असते; जमिनीखाली नसते. सल्फाइडमधूनही धातू उघड्या हवेत हळूहळू सुटतोच, म्हणून ते पुरायचे नाही, परत घ्यायचे. जमिनीत जिवाणू सोडून सगळे शुद्ध करू म्हणणाऱ्याकडे मी नुसता पाण्याचा अहवाल मागणार नाही. निघालेला धातू कुठल्या पिंपात भरून ठेवलाय, ते आधी विचारीन.