पटलाची मान

सजीव पेशीभोवतीचे पटल केवळ पाच नॅनोमीटर जाडीचे असते. स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे हे आवरण तेलासारखे प्रवाही असून त्यास बारीक छिद्र पडल्यास ते आपोआप सांधते. पेशीचे प्राण राखणारा हा गुणच पुढे अडचणीचा ठरतो. बाहेरचा पदार्थ आत घ्यावयाचा असता पटलास खळगा पडतो, त्याची पुटी बनते आणि ती एका अरुंद मानेने पटलाला जोडलेली राहते. स्वतःहून न तुटणारी ही मान, आतले काहीही न सांडता, तोडावी कशी?

उत्तराचा धागा दिला तो एका माशीने. १९७३ साली कॅनडात डेव्हिड सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीचे एक उत्परिवर्ती वाण वर्णिले. तापमान २९ अंश सेल्सियसवर गेले की या माश्या लुळ्या पडत. थंडावा मिळताच काही मिनिटांत उठून चालू लागत. संबंधित जनुकास ‘शिबिरे’ हे नाव मिळाले. मराठी कानाला त्यात छावण्या ऐकू येतील. जपानीत त्याचा अर्थ बधिरपणा असा आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लुळ्या माशीच्या चेतातंतूंची टोके तपासली, तेव्हा मानेपर्यंत घडलेल्या पण न तुटलेल्या पुट्या पटलाला लोंबकळत असलेल्या दिसल्या. संदेशवाहक रसायन साठवणाऱ्या नव्या पुट्या सुटेनात. जुन्यांचा साठा सरला आणि माशी कोसळली.

१९८९ मध्ये गुरांच्या मेंदूतून ‘डायनामिन’ नावाचे प्रथिन वेगळे करण्यात आले. ते पेशीतील सूक्ष्मनलिका सरकवीत असावे, असा तेव्हाचा तर्क होता. १९९१ साली शिबिरे जनुक याच प्रथिनाच्या माशीतील प्रतिरूपाचे आहे असे उघड झाले आणि तो तर्क मागे पडला. डायनामिनचे रेणू एकमेकांस बिलगून मानेभोवती मळसूत्रासारखे वेढे घालतात, जीटीपी या रेणूच्या विघटनातून शक्ती घेतात आणि मान आवळतात. नुसते आवळणे पुरते काय, की वेढे सैल होणेही तोडण्यास आवश्यक असते, यावर पुष्कळ वाद झाला.

असे वाद पेशीच्या गर्दीत मिटत नाहीत. म्हणून पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेने पेशीच वगळली. काचेवर केवळ स्निग्ध रेणूंच्या बारीक नळ्या पसरावयाच्या, त्यांवर शुद्ध डायनामिन व जीटीपी सोडावयाचे, आणि चकाकणारी नळी नेमकी कोठे तुटते ते सूक्ष्मदर्शकातून पाहत राहावयाचे.