कच्ची माती, पक्की मूर्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सातारा येथे दिलेले भाषण)



 विणकाम, भरतकाम, पाककला यांवर आपण येथे पुष्कळ ऐकले असेल. मी मातीकाम करणारी बाई. तेव्हा मातीच्या मूर्तीविषयीच चार शब्द बोलणार आहे.

मातीची मूर्ती आपल्याला नवी नाही. बेंदराला बैल, नागपंचमीला नाग, भाद्रपदात शाडूचा गणपती. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांतून वर्षभर माती येत असते. पण हे बहुतेक सारे कच्चे असते. पूजा झाली की पाण्यात जाते. देवाच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु बायकांचे इतर कामही तसेच. स्वयंपाक दुपारपर्यंत संपतो, रांगोळी संध्याकाळी पुसली जाते. आपल्या हातची एखादी तरी वस्तू नातवंडांच्या हाती लागावी, असे कुणाला वाटत नाही?

तशी वस्तू स्टोनवेअरची होते. नाव परके असले तरी ती आपल्या घरात आहेच. लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी आपण चिनी मातीची म्हणतो, ती खरे पाहता स्टोनवेअरच. गावच्या भट्टीत मडके सुमारे ७०० ते ९०० अंशांवर भाजते, म्हणून ते पाझरते आणि पाणी गार ठेवते. स्टोनवेअर मात्र १२०० अंशांच्या वर भाजते. मातीचे कण वितळून एकमेकांत मुरतात, वस्तू दगडासारखी होते. आपली कृष्णाकाठची माती एवढी आच सोसत नाही. तिच्यात लोह फार, ती बसकण घेते. म्हणून ही माती गुजरात-राजस्थानकडून आलेली विकत घ्यावी लागते.

आता कृती सांगते. जात्यावर बसलेली बाई करायची आहे असे समजा. माती कणकेसारखी तिंबून घ्यावी. मूर्तीसाठी तिच्यात भाजलेल्या मातीची भरड मिसळतात, म्हणजे ती कमी आकसते व कमी तडकते. मूर्ती भरीव करू नये. आतला ओलावा निघाला नाही, तर भट्टीत वाफ होऊन ती फुटते. कडबोळ्यांसाठी वळतो तशा जाड वळ्या करून एकावर एक बसवाव्यात आणि आतून-बाहेरून बोटाने सांधाव्यात. भिंत सगळीकडे सारखी, सुमारे एक सेंटिमीटर जाड ठेवावी. मोदकाची पारी जिला साधते तिला हे वेगळे शिकवावे लागत नाही. एका दिवसात फार उंच चढू नये. खालची माती जरा आवळली की मगच खांदे आणि डोके. हात जोडताना दोन्ही बाजू काट्याने खरवडून पातळ मातीचा लेप द्यावा. बुडाशी हवेसाठी भोक ठेवावे.

मग वाळवणे. या कामाची खरी परीक्षा येथेच आहे. ऊन दाखवू नये. कापडाखाली, सावलीत, दोन-तीन आठवडे. बोटे आधी वाळतात, धड मागाहून. म्हणून बोटांवर ओले फडके ठेवावे. पहिली भाजणी सुमारे ९५० अंशांवर. सुरुवातीची आच अगदी मंद. नंतर झिलईचा हात देऊन दुसरी भाजणी. भट्टी निवायला दिवस-दीड दिवस लागतो, तोवर दार उघडायचे नाही. बारा इंचांची बाई बाहेर येते ती साडेदहा इंचांची, आणि टिचकी मारली की खणखणते.

यात चाक कोठेच लागले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. माती मळावी, रंगवावी बाईने, पण चाकावर बसू नये, असा रिवाज पुष्कळ कुंभारवाड्यांत चालत आला. हाताने घडवण्याला ही अडकाठी नाही. नायजेरियातील लाडी क्वाली या बाई लहानपणापासून गावच्या रीतीने, वळ्या रचून घागरी करीत. १९५४ साली त्या मायकेल कार्ड्यू यांच्या अबुजा येथील मातीकाम केंद्रात दाखल झाल्या. तेथील त्या पहिल्या महिला. घागरी त्याच, त्यांवर कोरलेले सरडे-मासे तेच. फक्त आता त्या स्टोनवेअरच्या भट्टीत भाजल्या जाऊ लागल्या. त्या लंडनपर्यंत गेल्या. आज त्या देशाच्या वीस नायरांच्या नोटेवर लाडीबाईंचे चित्र आहे. हाताचा वळण गावचाच होता. त्याला पक्की आच मिळाली.

आपल्या मंडळातही नाग आणि बैल घडवणारे हात आहेत. मघाशी काही जणींनी तसे सांगितलेही. माझी मंडळाला एक विनंती आहे. एक पोते माती आणावी, आठ-दहा जणींनी आठवड्यातून एक दुपार बसावे. देवाची मूर्ती नको. जात्यावरची आजी, पाण्याला चाललेली सून, जे डोळ्यांपुढे आहे तेच करावे. भाजण्याची व्यवस्था मी सांगलीस माझ्या भट्टीत आनंदाने करीन. मूर्तीच्या बुडाशी, माती ओली आहे तोवर, आपले नाव आणि साल मात्र प्रत्येकीने आठवणीने कोरावे.