मालिका पाहावी की सोडावी?



आमच्या युनियनच्या कचेरीत हल्ली एक वाद रंगतो. एक म्हणतो, “मालिकेची कथा केव्हाच संपली, आता पाहायचे कशाला?” दुसरा म्हणतो, “इतकी वर्षे पाहिली, आता शेवट पाहूनच उठू.”

‘हम लोग’ १९८४ साली सुरू झाली, १९८५ च्या अखेरीस संपली. भाग दीडशेच्या थोडे वर. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली. भाग तीन हजारांवर! चार दिवसांची अकरा वर्षे झाली. हा केवळ लेखकाचा दोष नव्हे. रोजच्या मालिकेचे आयुष्य कथेवर नव्हे, दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येवर ठरते. शेवटासाठी आपण बसून राहतो, आणि आपण बसून राहतो म्हणूनच शेवट येत नाही!

मग “सोडा” म्हणताना आमची जीभ का अडखळते? पडद्यामागे दिवे लावणारा, रंगभूषा करणारा, चहा देणारा रोजंदारीवर असतो. मालिका बंद, की त्याचा रोज बंद. पण रोजचा भाग रोज हवा, म्हणून तोच बारा-बारा तास राबतो. २००८ साली मुंबईत या कामगारांनी संप केला, तेव्हा वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले.

आमचे मत असे: कथेत जीव आहे तोवर पाहा, तो गेला की खुशाल उठा. वाहिनी ती वेळ रिकामी ठेवीत नाही. दुसरी मालिका येते, आणि तिलाही दिवे लागतातच.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला, तो उरलेले तास स्वतःचे व्हावेत म्हणून. ते नुसत्या सवयीच्या स्वाधीन करू नयेत, एवढीच विनंती.